परदेशगमनाचा सल्लागार : परवाना कोणाचा, सही कोणाची?

(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



साकोली तालुक्यातील सानगडी हे जुन्या किल्ल्याचे गाव. धानाच्या बांध्या, मालगुजारी काळातील तलाव आणि दिवाळीनंतर भरणारी मंडई हे या परिसराचे जीवन होय. येथून पोटापाण्यासाठी बाहेर पडणारा माणूस एकेकाळी नागपूर गाठीत असे. फार तर भिलाईच्या पोलाद कारखान्यापर्यंत त्याची मजल जाई. आज त्याच घरातील नातू कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी अशी नावे सहज घेतो. यात गैर काहीच नाही. व्यापारी देशोदेशी हिंडला नसता तर पेठा वसल्या नसत्या, हे या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु मुलगा परदेशी निघाला की घरात जो पहिला प्रश्न उभा राहतो, तो विमानाच्या तिकिटाचा नसतो. ‘ज्या सल्लागाराच्या हाती आपण कागद आणि पैसा सोपवतो आहोत, तो खरा की खोटा?’ हा तो प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर बहुधा एका वाक्यात मिळते, ‘त्याच्याकडे लायसन्स आहे.’ आजचा विषय म्हणजे या एका वाक्याची तपासणी.

परवानाधारक मध्यस्थ ही काही आजकालची वस्तू नव्हे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचे जहाज ३६ हिंदी मजुरांना घेऊन मॉरिशसला पोहोचले आणि ऊसमळ्यांसाठी करारबद्ध मजूर नेण्याचे पर्व सुरू झाले. मुंबई बंदरातूनही माणसे गेली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील आणि आसपासच्या मराठी कुटुंबांचा मोठा भरणा होता. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये गणेशोत्सव साजरा करतात. या मजुरांची फसवणूक होऊ नये म्हणून सरकारने १८३७ मध्येच कायदा केला. करार लेखी हवा, मजुराने आणि त्याला नेणाऱ्या एजंटाने सरकारी अधिकाऱ्यासमोर हजर व्हावे, असे त्यात होते. तरीही तक्रारी इतक्या आल्या की, मध्यंतरी ही वाहतूक बंद करावी लागली. १८४२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा बंदरांवर ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हा अधिकारी नेमण्यात आला. पुढे गावोगाव हिंडणाऱ्या भरतीदारालाही परवाना आवश्यक ठरला. उत्तरेत त्याला ‘आरकाटी’ म्हणत. म्हणजे परवाना होता, नोंदवही होती, न्यायाधीशासमोर विचारणाही होती. आणि तरी सुरीनामला जाणाऱ्यांना ‘श्रीरामाच्या देशात जायचे आहे’ असे सांगितले गेल्याची आठवण तेथील वंशज आजही सांगतात.

‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचा अपभ्रंश होऊन ‘गिरमिट’ हा शब्द बनला. मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडण्याचे हत्यार. दोन्ही शब्दांचा परस्परांशी संबंध नाही, पण योगायोग विचार करायला लावणारा आहे. अंगठा उमटविणाऱ्याला कागदावर काय लिहिले आहे ते ठाऊक नसे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात ही पद्धत समूळ बंद करण्याचा ठराव मांडला. त्या दिवशी तो फेटाळला गेला. मात्र १९१७ मध्ये भरती थांबली. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण इतकेच की, त्या काळातील दोष परवान्याच्या अभावाचा नव्हता. परवाना कशासाठी आहे आणि आपण कशावर अंगठा उमटवीत आहोत, हे दोन्ही जाणाऱ्याला ठाऊक नव्हते. दीडशे वर्षांनंतर अंगठ्याची जागा संगणकावरील सहीने घेतली आहे, एवढाच फरक.

आता आजच्या व्यवहाराकडे वळू. ‘परदेशी पाठवतो’ या एकाच पाटीखाली दोन अगदी निराळे धंदे चालतात आणि सर्वसामान्य कुटुंबाची गफलत येथेच होते. एक धंदा नोकरीसाठी माणूस पाठविण्याचा आणि दुसरा शिक्षण अथवा कायम वास्तव्यासाठी अर्ज करून देण्याचा.

पहिल्या धंद्याला भारत सरकारचा परवाना लागतो. उत्प्रवास अधिनियम, १९८३ नुसार परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्याने ‘प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स’ यांच्याकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. हे कार्यालय परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. नोंदणीकृत एजंटाने आपला क्रमांक कार्यालयात आणि जाहिरातीत ठळकपणे दाखवावा, अशी अपेक्षा असते आणि ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक कोणालाही पडताळून पाहता येतो. सेवाशुल्काची मर्यादाही ठरलेली आहे : ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी. आखातातील नोकरीसाठी लाख-दोन लाख मागणारा माणूस नोंदणीकृत असला तरी नियम मोडतो आहे आणि नोंदणीकृत नसला तर तो धंदाच बेकायदा आहे.

येथे एक बारकावा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पारपत्रावर सामान्यतः ‘ईसीआर’ असा शेरा असतो आणि आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्याला सरकारी अनुमती घ्यावी लागते. अशा कामगारासाठी १० लाख रुपयांचे विमासंरक्षण देणारी प्रवासी भारतीय बीमा योजनाही आहे. ही गाळणी अल्पशिक्षितांसाठी घातलेली आहे. दहावी, बारावी, पदवी झालेला तरुण मात्र या गाळणीतून जातच नाही. त्याला स्वतःचे भले-बुरे कळते असे कायदा गृहीत धरतो. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जो इशारा दिला तो नेमका अशा शिकलेल्या तरुणांसाठी होता. थायलंडमध्ये संगणकावरील नोकरी आहे असे सांगून त्यांना म्यानमारमध्ये नेले जात होते आणि तेथे डांबून त्यांच्याकडून सायबर फसवणुकीची कामे करून घेतली जात होती. शिक्षण वाढले म्हणून फसवणूक घटते, हा समज या प्रकरणांनी पार खोटा ठरविला. असो.

दुसरा धंदा अधिक नाजूक आहे, कारण शिक्षणासाठी किंवा कायम वास्तव्यासाठी परदेशी जाणाऱ्यास सल्ला देणाऱ्याकरिता १९८३ च्या या कायद्यात परवान्याची तरतूद नाही. पंजाबने २०१२ मध्ये प्रवासी व्यावसायिकांसाठी स्वतःचा कायदा केला, तो त्या राज्यापुरता. मग नागपूरच्या एखाद्या कार्यालयात भिंतीवर काचेच्या चौकटीत जे ‘लायसन्स’ लावलेले असते ते काय असते? बहुधा तो गुमास्ता परवाना असतो. तो कापड दुकानालाही असतो, किराणा दुकानालाही असतो. शेजारी जीएसटीचे प्रमाणपत्र असते; त्यावरून तो कर भरण्यास पात्र आहे एवढेच सिद्ध होते. कंपनी नोंदणीचा कागद असला तर त्यावरून ती कंपनी अस्तित्वात आहे एवढे कळते. व्यापारी माणूस हे कागद एका दृष्टिक्षेपात ओळखतो. पण पोराच्या भवितव्याच्या चिंतेने आलेले आईवडील चौकट आणि शिक्का पाहूनच निश्चिंत होतात.

या धंद्यातील खरा परवाना ज्या देशात जायचे त्या देशाचा असतो. कॅनडाचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण तेथील कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोबदला घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अथवा अर्जदाराचे प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार तेथील वकिलांना, क्युबेक प्रांतातील नोटरींना आणि ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या नियामक संस्थेच्या परवानाधारकांना आहे. ‘कॉलेज’ या नावाने कोणी फसू नये. तेथे वर्ग भरत नाहीत, आपल्याकडील वैद्यक परिषदेसारखी ती संस्था आहे. ती नोव्हेंबर २०२१ मध्ये कार्यरत झाली. तिच्यापूर्वी २०११ पासून निराळी परिषद होती आणि तिच्याही आधी निराळी संस्था. दोन दशकांत दोन वेळा नियामक बदलावा लागला, यावरूनच हा धंदा ताब्यात ठेवणे खुद्द त्या देशालाही किती जड गेले ते उमजते. म्हणूनच जुन्या परिषदेच्या नावाचे प्रमाणपत्र कोणी दाखविले तर त्यावर समाधान मानू नये. आजच्या नोंदवहीत तो क्रमांक चालू आहे काय, निलंबित आहे काय, हे संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते.

इतर देशांची रीत थोडक्यात सांगता येईल. न्यूझीलंडने २००७ च्या कायद्याने सल्लागारांना परवाना सक्तीचा केला आणि तो देशाबाहेरून सल्ला देणाऱ्यांनाही लावला. मात्र देशाबाहेरून केवळ विद्यार्थी व्हिसाचा सल्ला देणाऱ्यांना सूट ठेवली. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत एजंटाला क्रमांक असतो, पण नोंदणीची सक्ती त्या देशात राहून काम करणाऱ्यांनाच आहे. म्हणजे नागपुरात बसून ऑस्ट्रेलियाचा अर्ज भरून देणारा नोंदणीशिवाय काम करीत असेल तर तो ऑस्ट्रेलियाचा कायदा मोडीत नाही. पण त्याच्याविरुद्ध तेथे दादही मागता येत नाही. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्यान्वये नेमलेल्या आयुक्तालयाचे नाव जानेवारी २०२५ मध्ये बदलून ‘इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी’ असे झाले आहे. अमेरिकेत ‘परवानाधारक इमिग्रेशन कन्सल्टंट’ असा केंद्रीय परवानाच नाही. तेथे वकील किंवा शासनमान्य संस्थेचा अधिकृत प्रतिनिधी लागतो. ‘अमेरिकेचे लायसन्स आहे’ असे सांगणारा वकील नसेल तर तेथेच नमस्कार करून उठावे.

क्रमांक खरा निघाला तरी काम संपत नाही. पुष्कळदा परवाना असलेली व्यक्ती टोरांटो किंवा व्हँकुव्हरला असते आणि समोर खुर्चीवर बसलेला तरुण हा पगारी विक्रेता असतो. त्याला महिन्याकाठी ठरावीक गिऱ्हाइके आणायची असतात. अशा वेळी करारनामा कोणाच्या नावाचा आहे, त्यावर परवानाधारकाची स्वतःची सही आहे काय, त्याच्याशी एकदा तरी प्रत्यक्ष बोलणे झाले काय, हे पाहणे अगत्याचे आहे. कॅनडाच्या अर्जात प्रतिनिधीचे नाव आणि क्रमांक नमूद करण्यासाठी स्वतंत्र फॉर्म आहे. ‘तो फॉर्म भरू नका, तुम्ही स्वतःच अर्ज केला असे दाखवू’ असे जो सुचवितो, तो पैसे घेऊन पडद्याआड राहू इच्छितो. अर्जासाठी जो ई-मेल पत्ता आणि पासवर्ड तयार होतो तोही एजंटाच्याच ताब्यात राहतो. परिणामी सरकारचे पत्र आले, हरकत निघाली, नकार आला, तरी अर्जदाराला त्याचा पत्ताच नसतो.

२०२३ मध्ये उघडकीस आलेले प्रकरण याच जातीचे होते. भारतातून, प्रामुख्याने पंजाबमधून, विद्यार्थी कॅनडाला गेले. एजंटाने दिलेल्या प्रवेशपत्रावर त्यांना व्हिसा मिळाला होता. तेथे पोहोचल्यावर त्यांना सांगण्यात आले की, त्या महाविद्यालयातील जागा भरल्या आहेत, दुसरीकडे प्रवेश घ्या. मुलांनी तो घेतला, शिक्षण पूर्ण केले, नोकऱ्या धरल्या. काही वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज केला तेव्हा छाननीत मूळचे प्रवेशपत्रच बनावट असल्याचे निष्पन्न झाले आणि देशाबाहेर काढण्याच्या कारवाईला तोंड देण्याची वेळ आली. मुलांनी निदर्शने केली. जून २०२३ मध्ये तेथील मंत्र्यांनी प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासण्याचे जाहीर केले आणि १ डिसेंबर २०२३ पासून प्रवेशपत्राची खातरजमा थेट महाविद्यालयाकडून करण्याची पद्धत सुरू झाली. या प्रकरणातील एजंटाला पुढे कॅनडात शिक्षाही झाली. परंतु ज्यांची उमेदीची वर्षे गेली ती कोण भरून देणार? महाविद्यालयाला एक साधे पत्र पाठवून ‘माझा प्रवेश खरा आहे काय?’ एवढे विचारले असते तर प्रकार विमानात बसण्यापूर्वीच उघड झाला असता. पण पत्र पाठवायचे ते एजंटानेच, असा दंडक पडला होता.

या ठिकाणी सहीचा प्रश्न येतो. दुकानाचे विवरणपत्र कर सल्लागार भरतो. खात्याची नोटीस मात्र दुकानदाराच्या नावाने येते. इमिग्रेशनमध्येही तोच न्याय आहे आणि तो अधिक कठोर आहे. अर्जात खोटी माहिती आढळल्यास कॅनडात पाच वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. ऑस्ट्रेलियात खोट्या कागदपत्रांसाठी साधारणतः तीन वर्षे व्हिसा नाकारला जातो आणि ओळखच खोटी असेल तर दहा वर्षे. ब्रिटनमध्ये फसवणुकीबद्दल दहा वर्षांपर्यंत दार बंद होते. अमेरिकेत तर ही बंदी आजन्म ठरू शकते. सवलत मिळविणे दुर्घट असते. ‘मजकूर एजंटाने भरला, मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर सहसा टिकत नाही.

खोटेपणा दर वेळी बनावट शिक्क्याचाच असतो असे नाही. कॅनडाच्या विद्यार्थ्याला एका वर्षाच्या राहणीखर्चाची तजवीज दाखवावी लागते. ही रक्कम १ जानेवारी २०२४ पासून २०,६३५ डॉलर झाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर. शिक्षणशुल्क आणि प्रवासखर्च वेगळे. इतकी शिल्लक नसलेल्या कुटुंबाला ‘पंधरा दिवसांपुरते पैसे खात्यात फिरवून देतो, व्याज तेवढे द्या’ असे सुचविणारे पुष्कळ भेटतात. हिशेबाच्या भाषेत याला खोटा ताळेबंद म्हणतात. व्हिसा मिळालाच तरी तेथे उतरल्यानंतर भाडे आणि शुल्क भरायला ते पैसे नसतातच; मग मुलगा ठरलेल्या तासांपेक्षा अधिक काम करतो, अभ्यासात मागे पडतो आणि घरचे धानाचे पीक त्याचा हप्ता फेडण्यात जाते. बांधी विकून पाठविलेल्या मुलाची गोष्ट येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. गावागावांत ती लोकांनी ऐकलेली असते.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांना चटकन समजेल. अनेक परदेशी महाविद्यालये विद्यार्थी आणून देणाऱ्या एजंटाला कमिशन देतात. म्हणजे ‘आमचा सल्ला मोफत’ असे म्हणणारा फुकट काम करीत नाही. त्याची अडत समोरच्या बाजूने येते. ते बेकायदा नाही. पण अडत्या ज्याचा माल खपवितो त्याची बाजू घेणारच, हे पेठेत वावरलेल्या माणसाने विसरू नये. म्हणून ‘आपण किती महाविद्यालयांचे प्रतिनिधी आहात आणि यादीबाहेरचे महाविद्यालय सुचवाल काय?’ असा प्रश्न सल्लागाराला निःसंकोच विचारावा. प्रामाणिक माणूस त्याने रागावत नाही.

मग सल्लागार हवाच कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. कॅनडाची ‘एक्स्प्रेस एंट्री’ ही गुणांवर आधारित पद्धत जानेवारी २०१५ पासून आहे. वय, शिक्षण, भाषा आणि कामाचा अनुभव यांचे गुण अर्जदाराला स्वतः मोजता येतात. फॉर्म सरकार विनामूल्य देते आणि सल्लागारामार्फत गेल्याने एक गुणही वाढत नाही. पूर्वी नोकरीच्या प्रस्तावाचे गुण मिळत, त्यामुळे असे प्रस्ताव विकण्याचाच बाजार सुरू झाला होता. मार्च २०२५ मध्ये ते गुण रद्द करण्यात आले. सरळ प्रकरण असेल, इंग्रजी वाचता येत असेल आणि चिकाटी असेल तर पदवीधर तरुणाने स्वतः अर्ज भरणे अशक्य नाही. पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल, शिक्षणात किंवा नोकरीत मोठा खंड असेल, कुटुंबाची परिस्थिती गुंतागुंतीची असेल, तर मात्र जाणकार परवानाधारकाचे शुल्क कारणी लागते. चांगल्या सल्लागाराची एक खूणही येथे सांगून ठेवावीशी वाटते : तो कित्येकांना ‘तुमचे काम होणार नाही’ असे पहिल्याच भेटीत सांगतो. ‘हमखास व्हिसा’ देणे कोणाच्याही हाती नाही. निर्णय त्या देशाच्या अधिकाऱ्याचा असतो.

जर्मनीबद्दल दोन शब्द. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यासाठी दहा हजारांचा आकडा सांगितला गेला. करार राज्याराज्यांत झाला म्हणजे व्हिसा मिळाला असे होत नाही. जर्मन भाषेची परीक्षा आणि परिचारिकेसारख्या व्यवसायात शिक्षणाची तेथील मान्यता या दोन पायऱ्या प्रत्येकाला चढाव्याच लागतात. ‘सरकारी कोट्यातून थेट पाठवतो’ असे कोणी खासगीत म्हणू लागला तर शासनाच्या शिक्षण विभागाकडे चौकशी करावी.

आणि ज्यांना कोणत्याच वाटेने कायदेशीर प्रवेश मिळत नाही त्यांना चोरवाट दाखविणारेही आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला परत आणले गेले. हातकड्यांची ती वार्ता सर्वांनी वाचली. बहुतेक प्रवासी हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे होते. परंतु तिघे महाराष्ट्राचेही होते.

फसवणूक झालीच तर काय करावे? दाद मागण्याचा आधार कागद हाच आहे. पैसे रोखीने दिले असतील तर पोलीस ठाण्यात सांगण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फत, टप्प्याटप्प्याने आणि प्रत्येक टप्प्याची पावती घेऊन द्यावी; नकार आल्यास किती परत मिळणार, हे करारात लिहून घ्यावे. सरकारी शुल्क आणि सल्लागाराचे शुल्क वेगवेगळे दाखविलेले असावे. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली नोंदविला जातो. जुने ‘चारशेवीस’ आता बोलण्यापुरते राहिले. नोकरीच्या एजंटाविरुद्ध मुंबईतील ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ कार्यालयात आणि ई-मायग्रेटवर तक्रार करता येते. परदेशात अडकलेल्या माणसासाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. कॅनडाच्या परवानाधारकाविरुद्ध त्याच्या नियामक संस्थेकडे सानगडीत बसूनही तक्रार पाठविता येते. ती संस्था चौकशी करू शकते, परवाना काढून घेऊ शकते. परवान्याचा खरा उपयोग हाच.

पारपत्राची मूळ प्रत कोणत्याही सल्लागाराकडे ठेवू नये; व्हिसा केंद्रावर ती अर्जदाराने स्वतः द्यावी. सही करण्यापूर्वी संपूर्ण अर्ज घरी आणावा, इंग्रजी जाणणाऱ्या नातलगाकडून अगर शाळेतील शिक्षकाकडून मोठ्याने वाचून घ्यावा, आणि मुलाच्या आईलाही त्यातील प्रत्येक उत्तर मराठीत समजावून सांगावे. करारनामा, पावत्या, भरलेला अर्ज आणि ई-मेलचा पासवर्ड यांची एक संपूर्ण प्रत मुलगा निघण्याच्या आदल्या दिवशी घरच्या कपाटात ठेवली गेली पाहिजे.